सस्त्या दुकानातले वजन

ती घटना विसरण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण ती काही मनातून जात नाही. गुन्हा मोठा नव्हता. खून नाही, दरोडा नाही. जप्त केले ते एक शेराचे लोखंडी वजन. तरीही साऱ्या नोकरीत वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मला स्वतःला मात्र लाज वाटली, असा तपास हा एकच.

मुलूख तेव्हा निजामाचा होता. मी हिंगोलीला नवा अमीन म्हणून रुजू झालो होतो. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. वय कोवळे, गणवेश कडक इस्त्रीचा आणि आपल्याला सगळे कळते अशी पक्की समजूत. हाताखाली एक जुने जमादार होते. ते दिवसभर पान चघळत आणि फारसे बोलत नसत. मला वाटे, यांना कामात रस नाही. खरे तर ते माझी अक्कल ठिकाणावर येण्याची वाट पाहत होते.

बाजाराच्या तोंडाशी एक लांबलचक पत्र्याची पडवी होती. हिंगोलीला फौजेची छावणी होती त्या काळातली, बहुधा घोड्यांची. त्यात एक म्हातारे मुसलमान गृहस्थ दुकान चालवत. सगळे गाव त्यांना चाचा म्हणे आणि दुकानाला सस्ती दुकान. इतरांनी टाकून दिलेला माल चाचा उचलून आणत. तांदळाची कणी, चहाची भुकटी, ठाणाच्या शेवटचे कापडाचे तुकडे, दांडी तुटलेले कप. फुटक्या आरशांचे तुकडेसुद्धा विकले जात. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया ते काचोळीवर, म्हणजे आपल्या चोळीवर, टाकायला नेत. भाव असा की ज्याच्या घरी पाहुणे येणार आणि हातात काही नाही, तो सरळ तिथे जाई.

दुकानाची एक रीत होती. चाचा माप शिगेने भरत. मापटे काठोकाठ झाले की वर शंकूसारखी रास चढली पाहिजे, ती शीग. तरीही बायका भांडत. ‘चाचा, शीग ढळली की! अजून टाका!’ चाचा म्हणत, ‘अगं, आता काय मला टाकू का मापात?’ आणि आणखी चिमूटभर टाकत. हा गलका चौकापर्यंत ऐकू येई. दुपारच्या नमाजाला चाचा उठत तेव्हा दुकान उघडेच राही, आणि गिऱ्हाईक आपल्या हाताने माप भरून घेई.

ती जागा वसमतकडच्या एका हळदीच्या शेठने विकत घेतली होती. पडवी पाडून तिथे दुमजली इमारत आणि खाली ओळीने गाळे काढायचे, असा त्याचा बेत होता. त्यात वावगे काही नव्हते. पत्रा गळत होता, गाव वाढत होते आणि गाळ्यांना मागणी होती. अडचण एवढीच होती की जुन्या मालकाने चाचांना कागद करून दिला होता. चाचा हयात आहेत तोवर त्यांना उठवायचे नाही. व्यापारात लबाडी शाबीत झाली तरच जागा खाली करून घ्यायची. हा कागद मला फार उशिरा वाचायला मिळाला. खरे म्हणजे मी तो आधी मागितलाच नाही.

एका सकाळी रोजनामचा उघडून बसलो होतो. चाळिशीचा एक माणूस आला आणि हात जोडून उभा राहिला.

“साहेब, सस्त्या दुकानात खोटं वजन हाय. गरिबाला लुबाडून राहिले. पोत्याच्या मागं, डाव्या अंगाला. आता गेलात तं सापडल.”

एवढी नेमकी खबर मिळाली म्हणून मी खूश झालो. याला ती जागा इतकी नेमकी कशी ठाऊक, हे विचारायचे सुचले नाही. जमादारांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी टोपी डोक्यावर चढवली होती.

दोन पंच घेऊन दुकानावर गेलो. डावीकडचे पोते ओढले तर मागे शेराचे वजन. बूड पोकळ करून आत लाख भरलेली, त्यावर काळा रंग. तहसिलीतल्या सरकारी वजनाशी ताडून पाहिले तर चांगलेच हलके भरले. मी चाचांना विचारले, “हे तुमचे?”

“माझं न्हाई, साहेब.”

“मग तुमच्या दुकानात आले कसे?”

“आल्लाला ठावं.”

मी त्यांच्या कमरेला दोरी बांधायला लावली आणि भर बाजारातून चालवत ठाण्यावर आणले. मागचा गल्लीचा रस्ता जवळचा होता. पण मला बाजाराला कायदा दाखवायचा होता. रोज चाचांशी भांडणाऱ्या बायका दुकानांच्या आडोशाला उभ्या राहून बघत होत्या. चाचा खाली बघत चालले होते. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडले, “साहेब, पोत्यांची तोंडं बांधून घ्या. मुंग्या लागतील.”

दुपारी तांड्यावरची एक वयस्क बाई ठाण्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातात अर्धवट भरलेला मिठाचा फडका. शिपाई तिला हाकलत होता, पण ती हलायला तयार नव्हती.

“अमीनसाब, माझं मीठ अर्धंच भरलं होतं, तवर तुमी चाचाला उचलून आणलं. आता बाकीचं कोण देनार? तुमी?”

मी म्हणालो, “बाई, तो माणूस खोटे वजन वापरतो. तुमच्याच भल्यासाठी धरला.”

“वजन? कोन्तं वजन? मी लगीन होऊन आले तवापासून तिथून मीठ नेऊन राहिले. तिथं तराजू म्या कवा पायला न्हाई. तराजू न्हाई तं वजन ठिवतेत कशावर, डोस्क्यावर?”

ठाण्यात हसू पिकले. मी मात्र हसलो नाही. कपाटातून पंचनामा काढला. माझ्याच हातचा, वळणदार अक्षरातला. पोती, डबे, मापटी, धान्य मापायचा शेर, कापड मोजायचा गज, सगळे लिहिले होते. तराजू नव्हता. चाचांचा सगळा धंदा मापाने चाले, कापड गजाने आणि आरशाचे तुकडे ओंजळीने. वजन आणून ठेवणारा माणूस त्या दुकानात कधी गिऱ्हाईक म्हणून गेलेलाच नव्हता. आणि मीही नाही.

कोठडीपाशी जाऊन मी चाचांना विचारले, “तराजू नाही हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितले?”

“तुमी इचारायच्या आधीच दोरी काढली होती, साहेब.”

मी वजन टेबलावर घेऊन बसलो. त्यावरच्या आकड्याच्या खाचेत पिवळट काहीतरी होते. मी म्हणालो, गंज असेल. जमादार त्या दिवशी पहिल्यांदाच आपणहून बोलले.

“गंज असा पिवळा नसतो, साहेब.”

त्यांनी आपली चुन्याची डबी काढली, बोटावर ओला चुना घेतला आणि खाचेत चोळला. बघता बघता खाच लाल झाली. कुंकू कसे करतात हे आमच्याकडे घरोघर माहीत. ती हळद होती. वजन राखेने घासून आणले होते, पण खाचेतली हळद निघाली नव्हती. चाचा हळद ठेवतच नसत. ज्या गावात प्रत्येकाचा कोणी ना कोणी शेतात हळद लावतो, तिथे ती विकत कोण घेणार? वजन हळदीच्या अडतीवरून आले होते, आणि अडतीवर सगळा व्यवहार तराजूचा. म्हणून दुकान म्हटले की वजन असणारच, असे आणणाऱ्याने धरून चालले.

मग फिर्याद देणारा कोण, याची चौकशी केली. पहिल्या दिवशी करायची गोष्ट मी तिसऱ्या दिवशी केली. तो त्याच शेठच्या अडतीवर हळद तोलायला होता. जुन्या मालकाचा कागदही त्याच दिवशी मागवला, आणि सारे चित्र उघडे झाले.

त्याला बोलावले. आवाज चढवला नाही, हात तर नाहीच लावला. टेबलावर शेराची पाच वजने मांडली, चार तहसिलीतली आणि एक ते. पाचही काळ्या रंगाची, बूड खाली. म्हणालो, “तू जाणकार आहेस. उचलून सांग, बराबर आहेत का.”

आपल्या कामाची तारीफ कोणाला आवडत नाही? तो खुलला. पहिले वजन कडीला धरून उचलले. दुसरे तसेच, तिसरे तसेच. चौथे उचलताना त्याचा अंगठा आपोआप बुडाखाली गेला. लाख सैल होती. उचलताना ती निसटू नये म्हणून ते वजन रोज वापरणाऱ्याला अंगठा लावूनच उचलावे लागे. आम्हाला कोणाला ते ठाऊक नव्हते. त्याच्या हाताला ठाऊक होते.

जमादार शांतपणे म्हणाले, “ह्यालाच अंगठा काहून लावला रे?”

त्याने अंगठ्याकडे पाहिले आणि वजन हळूच खाली ठेवले. मग सगळे सांगितले. चाचा नमाजाला गेले असताना त्याने वजन पोत्यामागे ठेवले होते. याच वजनाने अडतीवरून बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना हळदही वर्षानुवर्षे विकली जात होती.

“शेठनं नव्या इमारतीत एक गाळा देतो म्हनलं होतं, साहेब. जनमभर दुसऱ्याची हळद तोलली. वाटलं, लेकरायसाठी आपलं बी एक दुकान व्हावं.”

मला त्याचा रागही आला आणि कीवही. अदालतीत त्याला सजा झाली. शेठ मात्र नामानिराळा राहिला. मला काही ठाऊक नाही म्हणाला आणि सुटला. वरून मला शाबासकीचे पत्र आले.

चाचांना सोडले त्या दिवशी मी एक ठरवले. ज्या रस्त्याने दोरी बांधून आणले त्याच रस्त्याने, पुऱ्या गणवेशात, मी त्यांच्या शेजारून चालत गेलो आणि दुकानात नेऊन बसवले. चौकात थांबून मोठ्याने सांगितले की हा माणूस निर्दोष आहे, चूक पोलिसांची झाली. लोकांनी ऐकले, माना डोलावल्या. काही बायकांनी डोळे पुसले. मला वाटले, हिशेब मिटला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी चाचा आपणहून ठाण्यावर आले. मी खुर्ची दिली, ते उभेच राहिले.

“साहेब, जागा खाली करून राहिलो. शेठला सांगावा धाडला. तुमच्या कानावर असावं.”

मी चकित झालो. “अहो, आता तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. कागद पक्का आहे.”

“कागद बराबर हाय. गिऱ्हाईक न्हाई बराबर.”

“लोक येत नाहीत?”

“येतेत की. पहिल्यापेक्षा जास्त येतेत. पन कोनी भांडत न्हाई. मी माप भरतो तवा दुसरीकडं बघतेत. म्हाताऱ्याला वाईट वाटू ने म्हनून. मंग म्या मुद्दाम सपाट माप द्यायला लागलो. शीग न्हाई, काठाच्या बी खाली. म्हनलं, बघू कोन बोलतंय. आठ दिवस दिलं. एकानं बी इचारलं न्हाई, चाचा, असं काहून. ती तांड्यावरची बाई, जी तुमच्या दारात येऊन भांडली, तिनं बी गुमान फडका बांधला.”

“त्यांचा तुमच्यावर भरवसा आहे, चाचा.”

“भरवसा असता तं भांडले असते. ज्याला आपलं मानतो त्यालाच मानूस म्हनतो, कमी दिलं. ते मनात म्हनत असतील, धरला होता खरा, जाऊ द्या, म्हातारा हाय. किंवा म्हनत नसतील. मला कसं कळावं? आन् न कळता रोज गल्ल्यावर कसं बसावं?”

ते पुढे म्हणाले, “ज्याचं जेवढं कमी भरलं तेवढं आज सकाळी घरोघर पोचतं केलं. कोनाचं ठिवलं न्हाई.”

ते गेले. महिन्याभरात पडवी पाडली आणि वर्षाच्या आत दुमजली इमारत उभी राहिली. चांगली होती. गाळे चालले. चाचा लेकीकडे शिरड शहापूरला गेले ते परत आले नाहीत.

पुढे मी बरीच वर्षे नोकरी केली, मोठमोठे गुन्हे उघडकीस आणले. पण संशयिताला गुन्हा पुरता तपासल्याशिवाय बाजारातून चालवले नाही. जिथे सापडला तिथेच बसून आधी विचारायचे, नाहीतर मागच्या गल्लीने आणायचे, हा नियम हाताखालच्या प्रत्येकाला घालून दिला. नवे पोरगेसे अधिकारी कारण विचारत. मी त्यांना एवढेच सांगे की खोटा आळ पोलिसाला काढून टाकता येतो, पण बघणाऱ्यांच्या डोळ्यांतली दोरी सोडता येत नाही.

पूर्ण कारण मी कोणाला सांगितले नाही, ते आज लिहितो. चाचा ठाण्यावरून गेल्यावर मी दुपारी जेवायला घरी आलो. ओट्यावर कागदाची लहानशी पुडी होती. बायको म्हणाली, सस्त्या दुकानातून कोणी देऊन गेले, तुमचे राहिले होते म्हणे. पुडीत तांदळाची कणी होती, मूठभर. त्या आठ दिवसांत एकदा मीही मुद्दाम तिथे गेलो होतो, लोकांनी पाहावे म्हणून. चाचांनी माप भरले ते काठाच्या खाली होते. मला ते स्वच्छ दिसले होते, आणि मी काही न बोलता पिशवी पुढे केली होती.