तांबडीचा खोकला

तबेला भाच्याचा, म्हणून तिथे येणारा लहानथोर प्रत्येक जण तिला आत्या म्हणायचा. घोड्यांचा चारा आत्याच्या ताब्यात होता. वाळलेल्या गवताचा गठ्ठा सुटला की ती एकेक पेंढी उचलून अशी झटकायची, की बघणाऱ्याला वाटावं, या गवतानं हिचं काय घोडं मारलंय! गठ्ठ्यात हात खुपसल्यावर आत ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर तो गठ्ठा थेट बाहेर. "त्यांना बोलता येत नाही, मग आपल्याला नाक कशाला दिलंय?" ती म्हणायची. आपल्या कामाला कुणी बोट लावलेलं तिला खपत नसे.

आणि तरीही तांबडी खोकायची.

तांबडी ही म्हातारी घोडी. जन्मतःच आई गेली तेव्हा आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिचं ठाण, म्हणजे बांधायची जागा, दाराजवळ, तबेल्यातल्या मधल्या बोळाला लागून. पाठीवर पोर बसवून दोन फेऱ्या मारल्या, की तिला अशी ढास लागायची की वरचं पोर रडायला लागायचं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या तबेल्यात असलं जनावर कोण ठेवणार?

"आत्या, महिनाअखेरीस वीटभट्टीवाला येतोय," भाचा एका सकाळी म्हणाला. "तांबडी देऊन टाकू."

"खोकते म्हणून?"

"खोकते म्हणून."

"मग आधी मला वीक. मीही रोज सकाळी खोकते."

भाचा हसला, पण बेत बदलला नाही. भट्टीवर ओझी ओढताना ही घोडी चार महिने काढणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. आत्या त्याच पावली जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, गवताची धूळ छातीत जाते, भिजवून घाला. झालं! आत्यानं तांबडीचं गवत टबात बुडवायला सुरुवात केली. चांगलं भिजलं की निथळायचं, उंच जाळीत न टांगता खाली कोपऱ्यात घालायचं, म्हणजे घोडी मान खाली घालून खाईल आणि नाकातलं नाकातूनच वाहून जाईल. उरलेलं आंबायच्या आत उचलायचं. एक काडी कोरडी जाऊ दिली नाही तिनं.

खोकला काही हटेना. वीटभट्टीवाल्याचा दिवस जवळ येत होता.

त्यातच धाकटी बहीण पाय मोडून पडली आणि आत्याला आठवडाभर तिच्याकडे जावं लागलं. जाताना तिनं सुनेला, म्हणजे भाच्याच्या बायकोला, दहा वेळा बजावलं. परत आली ती पिशवीसकट तांबडीच्या ठाणाशी. घोडी गप्प उभी होती. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या.

"तुम्ही गेलात आणि दोन दिवसांत खोकला थांबला बघा," सून म्हणाली. "तिचं गवत भिजवूनच दिलं हं मी. बाकीच्यांचं मात्र झटकलं नाही. घर बघू की गवत झटकू? होतं तसंच घातलं."

आत्याला राग आला. न झटकता! तिनं पिशवी ठेवली, गठ्ठा सोडला आणि रोजच्या जागी, बोळात, पेंढी झटकायला घेतली. दारातून ऊन तिरपं आत येत होतं. त्या उन्हात धुळीचा लोट उठला, संथपणे सरकला आणि तांबडीच्या ठाणात शिरला. आत्याला खोकला आला. मागोमाग तांबडीला.

हातातली पेंढी हातातच राहिली. घोडीला भिजवलेलं खाऊ घालायचं आणि इतर सगळ्यांची धूळ तिच्या नाकाशी उडवायची! इतकी वर्षं जे काम आपण मिरवलं, त्यानंच आपलं लेकरू गुदमरत होतं. ती तिथेच गठ्ठ्यावर बसून रडली. मग नाक पुसून उठली आणि भाच्याकडे गेली.

"तांबडीला मी आजारी पाडलं. आजपासून सगळ्यांचं गवत बाहेर अंगणात भिजवायचं. आत झटकणं बंद, आणि शेजारच्या ठाणात रचलेले गठ्ठेही बाहेर काढायचे."

"सगळ्यांचं? अगं, एवढं पाणी कोण ओढणार?"

"जिनं इतकी वर्षं झटकलं ती."

आणि तिनं ओढलं. खांदे भरून आले, बोटं पांढरी पडून सुरकुतली, सुनेनं "आता पुरे" म्हणून पाहिलं. आत्याचं आपलं एकच, महिनाअखेर.

वीटभट्टीवाला आला. भाच्यानं तांबडीला लांब दोर लावून अंगणात पळवलं. एक फेरी, दुसरी, मग आणखी कितीतरी. आत्या टबाशी श्वास रोखून उभी. घोडी नुसती फुरफुरली.

"ही तर धडधाकट आहे! आत्ता नेतो," भट्टीवाला खूश झाला.

आत्यानं हा विचारच केला नव्हता.

भाच्यानं दोर गुंडाळला. "धडधाकट आहे म्हणूनच द्यायची नाही," तो म्हणाला. भट्टीवाला कुरकुरत गेला. मग भाचा टबापाशी आला आणि त्यानं तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"आत्या, सकाळचा तुझा खोकलाही ऐकू येत नाही हल्ली."

खरंच की. वयाचा म्हणून सोडून दिलेला तो खोकला कधी गेला, ते तिलाही कळलं नव्हतं.

"मग मलाही विकू नकोस," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले तरी बादली परत ओढून घेतली.