बरी हाय की

"पोरगी बरी हाय न्हवं आता?" असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. विचारणाऱ्याचा तसा दोष नसतो. दळण टाकताना, भाजी घेताना, लग्नाच्या मांडवात माणूस आपलं विचारायचं म्हणून विचारतो. मला राग यायचा तो आमच्या घरातल्या उत्तराचा. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगून मोकळ्या व्हायच्या, "बरी हाय की! काय धाड भरल्या तिला?" आणि माझी चौदा वर्षांची लेक तेव्हा आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. तिला सगळं ऐकू जायचं.

मी शाहूपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. दिवसभर ट्रकवाल्यांशी फोनवर हुज्जत घालायची, गाडी कुठं अडकली ते शोधायचं आणि ज्याचा माल आहे त्याच्या शिव्या खायच्या. त्यामुळं माझा आवाज मोठा आणि जीभ तिखट, असं सासरच्या सगळ्यांचं मत आहे. असू दे. गोड बोलून या जगात कुणाचं काय भलं झालंय, ते मला एकदा दाखवा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही सगळेच पॉझिटिव्ह निघालो. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं ते परत आले नाहीत. सासूबाईंना त्यांचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. लेक तेव्हा सहावीत होती. तिला ताप भरला, त्या रात्री सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढं पदर पसरला आणि ज्योतिबाला नवस बोलल्या, "माझी नात बरी होऊ दे देवा, तिला तिच्या पायानं चालवत तुझ्या पाच खेट्यांना आणतो." खेटे म्हणजे माघातले पाच रविवार. पहाटे कोल्हापुरातनं अनवाणी निघायचं आणि चालत जाऊन ज्योतिबाचा डोंगर चढायचा. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते करत आलीत. नवऱ्याला गमावलेल्या बाईनं नातीसाठी देवाला साकडं घातलं, यात मला तेव्हाही काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पोरीचा ताप लवकर उतरला. दवाखान्यातही न्यावं लागलं नाही. सगळे म्हणाले, लहान मुलांना हे सर्दीसारखंच असतंय, सुटलीस.

कसली सुटतेय! शाळा सुरू झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की ही आमची आधीची पोरगी नव्हे. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढणारी, गल्लीत पोरांच्यात फुटबॉल खेळून गुडघे फोडून घेणारी माझी लेक आता निम्म्या जिन्यात बसायची. विचारलं तर म्हणायची, "थांब की आई, छातीत धडधडतंय." शाळेत प्रार्थनेला उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डोकं तर कायमच दुखायचं. आदल्या दिवशी पाठ केलेला धडा दुसऱ्या दिवशी तिला कोरा असायचा. एक दिवस कात्री घेऊन माझ्यापुढं उभी राहिली, "केस काप. विंचरताना हात भरून येतात." कमरेपर्यंतचे केस होते. ती रडली नाही, मीच रडले.

आणि खाणं! रविवारी आमच्याकडं मटण असतंच, कोल्हापुरात त्याला काही कारण लागत नाही. वाटीत पांढरा रस्सा वाढला आणि पोरगी नाक दाबून म्हणाली, "आई, हे सडलंय." जेवायला नणंदेचे यजमान होते. ते खो-खो हसायला लागले, "पांढऱ्याला सडका म्हणणारी कोल्हापुरात तू पहिलीच गं बाई!" सगळी पंगत हसली. पोरीनं मोरीत जाऊन उलटी केली, तरी यांचं हसणं थांबेना. तिच्या नाकाला खरोखरच सगळं जळकं, कुजकं लागत होतं. पण ते समजून घ्यायला माणसाला आधी हातातली वाटी खाली ठेवावी लागते.

मी तिला घेऊन दवाखाने पालथे घातले. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. एक डॉक्टर रिपोर्टवरनं नजर न उचलता म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, ताई. वयात येतेय, होतं असं." दुसऱ्यांनी मोबाईल काढून घ्यायला सांगितलं. तिसऱ्यांनी मलाच विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" आहे की! तुमच्यासारखे डॉक्टर भेटतात याचंच टेन्शन आहे, असं मी तोंडावर म्हटलं आणि पोरीचा हात धरून बाहेर पडले. शाळेत बाई म्हणाल्या, घरी बसून ऑनलाईन शिकायची सवय लागली, पोरं आळशी झालीत. कवायतीच्या सरांनी तर सगळ्या वर्गासमोर तिला 'महाराणी' नाव ठेवलं. पोरगी घरी येऊन एवढंच म्हणाली, "उद्यापासनं मी मागं उभारतो." आमच्याकडं बायकापोरीसुद्धा मी येतो, मी जातो असंच बोलतात. त्या बोलण्यात एक तोरा असतो. त्या दिवशी तिच्या आवाजात तो नव्हता.

घरात सासूबाईंनी मात्र निदान पक्कं करून टाकलं होतं. नवस फेडायचा राहिलाय, म्हणून पोरगी अशी. खेटे घातले की आपोआप उभी राहील. मी म्हणायची, "अहो आई, तिला जिना चढवत नाही, डोंगर कसा चढेल?" त्यावर त्यांचं ठरलेलं, "त्यो चढवून घेतोय." नवरा दोघींच्या मधे बसून पेपर वाचायचा. त्याचा पेपर कधी संपायचाच नाही.

एका माघात माझी आई पडली म्हणून मला गडहिंग्लजला जावं लागलं. रविवारी दुपारी परतीच्या एसटीत होते, तेवढ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो आला. ज्योतिबाच्या दारात सासूबाई, नणंद, माझा नवरा आणि मधे माझी लेक. अनवाणी, कपाळापासून मानेपर्यंत गुलाल. खाली नणंदेनं लिहिलं होतं, 'चांगभलं! आमची पोरगी एकदम ठणठणीत!' त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी फोटो मोठा करून बघितला. गुलालातनं पोरीचे ओठ पांढरेफटक दिसत होते. मी एसटीतच असं काही बोलले की शेजारची म्हातारी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

नंतर लेकीनं मला सगळं सांगितलं. वडणग्याच्या पुढं गेल्यावर तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. ती बसली की आत्या म्हणायची, "ऊठ, आता काय आलंच." गायमुखाच्या चढाला तिला रस्ता दोन-दोन दिसायला लागला. मी विचारलं, "मग थांबली का नाहीस गं?" म्हणाली, "आजी रडायला लागली असती."

सोमवारी सकाळी ती उठली नाही. उठवेना म्हणजे अक्षरशः उठवेना. दात घासायचा ब्रश हातात धरवेना. उजेड सोसवेना म्हणून खिडकीला माझी जुनी साडी बांधली. केसांतला गुलाल मी तिला पलंगावर आडवं झोपवून, डोकं बादलीवर घेऊन धुतला. बादलीतलं पाणी लाल झालं. ती बादली मी तशीच उचलून बाहेरच्या खोलीत नेली आणि नवऱ्याच्या पेपरापुढं आदळली.

"बघा तुमची ठणठणीत पोरगी!"

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की! फोटो टाकताना नाही वाटलं ते शेजाऱ्यांचं?"

सासूबाई देव्हाऱ्यापासून उठल्या. "देवाच्या दारात जाऊन कोण आजारी पडत न्हाय. एकच झालाय, चार ऱ्हायल्यात, म्हणून त्यो रागावलाय."

काय बोलणार या बाईपुढं? चालली म्हणून पडली तर आणखी चालवा! विहिरीत पडलेल्या माणसाला वरनं धोंडा टाकून वर येतोय का बघण्यातला हा प्रकार. त्या वर्षीची वार्षिक परीक्षा बुडाली. पुढचे कित्येक महिने ती पलंग ते मोरी आणि मोरी ते पलंग एवढंच चालली. सासूबाई तिला चारी ठाव भरवायच्या, पाय दाबून द्यायच्या, मायेला तसूभर कमी नव्हत्या. आणि दारात कुणी आलं की, "बरी हाय की!"

शेवटी ऑफिसातल्या एका बाईच्या ओळखीनं मुलांच्या एका डॉक्टरबाईंकडं गेलो. मी फाईल उघडून घडाघडा सांगायला लागले. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि लेकीला म्हणाल्या, "तुला काय होतं ते तू सांग." पोरगी बोलत राहिली. मलाही माहीत नसलेलं बोलली. वर्गातला आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. मैत्रिणी आल्या की खूप बरं वाटतं आणि त्या गेल्या की दुसरा दिवस झोपून जातो, म्हणून तिनंच त्यांना यायचं बंद करायला सांगितलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, कोविडनंतर काही मुलांचं असं होतं, किरकोळ ताप येऊन गेलेल्यांचंही होतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे मुलगी खोटं बोलते असं नाही. हिच्या बाबतीत दमल्यावर आणखी रेटायचं नाही, दमायच्या आधीच थांबायचं. एका गोळीनं बरं होणारं हे नाही, पण जपलं तर हळूहळू सुधारणा होईल, असंही त्या म्हणाल्या.

परतताना रिक्षात लेक फाईल मांडीवर घेऊन बसली होती. मग माझा दंड धरून म्हणाली, "आई, म्हंजे मी नाटक करत न्हवतो न्हवं?"

ऐकलंत? तिला मला विचारावं लागलं. इतक्या जणांनी, इतक्या वेळा नाटक नाटक म्हटलं की त्या लेकराला स्वतःच्या दुखण्याचाच भरवसा राहिला नव्हता. त्या रिक्षात मला त्या सगळ्यांना रांगेत उभं करून, एकेकाच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं, आणि त्या रांगेत डिग्रीवाले पहिले. अजूनही वाटतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं वागत गेलो. मोरीत स्टूल ठेवलं, ती बसून अंघोळ करते. शाळेत मी जाऊन भांडून आले, आता ती निम्मा दिवस जाते आणि प्रार्थनेला बाकावर बसते. मधे एखादा आठवडा बरा गेला की चेहरा खुलतो. तसा तो खुलला आणि नेमका माघ आला.

नणंद येऊन बसली. सासूबाईंनी विषय काढला, पोरगी आता हिंडतीफिरती झाल्या, राहिलेले चार उरकून टाकू. नवऱ्यानं चक्क पेपर खाली ठेवला आणि तोडगा काढला, "पायथ्यापर्यंत गाडीनं नेऊ. वर तेवढं चालेल हळूहळू." मी पोळी लाटत होते. लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. आज या घरात काहीतरी फुटणार हे ठरलंच होतं.

पण माझ्या आधी लेक आली. भिंतीला धरून, सावकाश. आजीच्या पुढ्यात जमिनीवर बसली, दम खाल्ला आणि विचारलं, "आजी, नवस काय बोलली हुतीस?"

"तुझ्या पायानं पाच खेटे."

"त्याच्या आधी काय?"

सासूबाईंनी देव्हाऱ्याकडं बघितलं.

"त्याच्या आधी म्हणाली हुतीस, नात बरी होऊ दे. मी बरी झालोय?"

"अगं, ताप उतरला न्हवं..."

"मी बरी झालोय का, आजी?"

नणंद फिस्कारली, "देवाला उलट बोलतीस व्हय गं?"

"उलट कुठं बोलतोय, आत्या? देवानं त्याचं अजून केल्यालं न्हाय. त्यानं केलं की मी आपणहून जातो. पळत जातो. तवर खेटे कशाचे?"

सासूबाई नातीकडं बघत राहिल्या. तिच्या कापलेल्या केसांकडं, भिंतीला टेकलेल्या डोक्याकडं, मांडीवर निपचित पडलेल्या हातांकडं. हे सगळं त्यांनी रोज बघितलेलं होतं. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी लाटणं घेऊन परत आत गेले. तव्यावरची पोळी करपली होती.

पुढच्या रविवारी पहाटे गल्लीतनं खेट्याला निघालेल्यांचा गलका ऐकू आला, 'चांगभलं!' आमच्या दाराशी थांबून एका शेजारणीनं हाक मारली, "येताय न्हवं? नात बरी हाय न्हवं आता?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. नेहमीचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी आतनं पुढं झाले.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "बरी झाल्याली न्हाय माझी पोरगी. हुईल तवा येतोय."

आतल्या खोलीत पलंग करकरला. भिंतीकडं तोंड करून पडलेली माझी लेक कुशीवर वळली होती.

"आजी," तिनं आतनं हाक दिली, "परत म्हण की."

आणि त्या म्हातारीनं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, परत म्हटलं.