पत्र्यावरच्या दोन थापा

मुलांनो, आज जनरेटरच्या डिझेलचा वास आला आणि सत्तरच्या दशकातलं कोन गावाजवळचं ओसाड माळरान आठवलं.

लॉरी मागे घेताना चुकल्याने माझा दादा ड्रायव्हिंगच्या परवान्याच्या परीक्षेत नापास झाला होता. पुन्हा चुकला असता, तर ठरलेली नोकरी हातची गेली असती. सरावाला मी मागून लॉरीच्या पत्र्यावर थापा मारायचे. एक म्हणजे ये, दोन म्हणजे थांब.

त्या दुपारी माझ्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून मी बाजूला बसले. तरी थापा ऐकू येतच राहिल्या. मग सलग दोन वाजल्या आणि लॉरी थांबली. मी धावले. लॉरीमागे कोणीच नव्हतं. चाकाशी गवतात लपलेली विहीर होती.

दादा उतरला. "वाचवलंस गं बाय! काय जोरात मारल्यास! हात दुखला नाय?"

दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. त्याने घाबरून चालणार नव्हतं. मी तळहात चोळत म्हटलं, "दुखतोय थोडा."