किसनबाबाचं पांढरं धोतर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण या किस्स्यात मी शहाणपणाचं एकही काम केलेलं नाही!

मोठा दुष्काळ सरून तलाव पुन्हा भरले होते. सातवीतून शाळा सुटलेला मी कारंज्याला बदली चौकीदार म्हणून लागलो होतो. इंझोरीकडच्या माळावर एक तलाव, तिथं किसनबाबा हा म्हातारा एकटाच चौकीदार. हाकेच्या अंतरावर माणूस नाही. मग तो आजारी पडला तर कचेरीला कळणार कसं? त्यावर तोड अशी, की तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, बांबूला पांढरं धोतर बांधायचं. एसटीचा ड्रायव्हर ते बघायचा, कारंज्याला सांगायचा आणि बदलीवाला निघायचा.

एवढं मला ठाऊक होतं. धोतर उतरवायचं कधी, ते मात्र विचारायचं राहिलं. साहेबासमोर माझ्या तोंडून शब्दच फुटत नसे!

"तलाव नीट राखला त तुले कायम करतो," साहेब म्हणाले. "नुसती मुंडी नको हालवू. समजलं का?"

मी मुंडी हलवली.

पोचलो तेव्हा चौकीदाराच्या खोपडीत कोणी नव्हतं. बाबा घरी गेला असणार. पण चुलीतली राख कोमट होती. तलाव इतका गप्प, की आपलाच श्वास ऐकू यावा. बदलीवाला आला म्हणजे निशाणीचं काम संपलं, असं समजून मी धोतर उतरवलं, घडी घालून पेटीत ठेवलं आणि बाहेर बाजेवर झोपलो.

सकाळी धोतर पुन्हा बांबूवर!

वाऱ्यानं? वारा पेटी उघडतो काय? पुन्हा उतरवलं, पेटीवर दगड ठेवला. पाळीवर फेरी मारून आलो, तर दगड बाजूला आणि धोतर वर फडफडतंय.

आता, बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात भुताखेतांना बंदी. बाप सांगायचा, "भूत-गीत काई नसते लेका. आधी माणूस भेते, मंग भूत होते." मी ते वाक्य भर दुपारी मोठ्यानं म्हणून पाहिलं.

पाण्याकडून कोणीतरी खोकलं.

तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. ड्रायव्हर ओरडला, "काबे पोट्ट्या, किसनबाबा कसा हाये?"

"ते त घरी गेले न?"

"घरी? त्याच्या गावावरूनच येऊन राह्यलो मी. घरी नाही पोचला तो!"

गाडीतल्या एका म्हातारीनं पाण्याकडे पाहून हात जोडले. गाडी निघून गेली.

घरी नाही, इथं नाही. मग धोतर कोण चढवत होतं?

मी ते पुन्हा उतरवलं आणि हातातच धरून बसलो. उन्हं कलली. पाळीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या कडेला, तलावाचं पाणी सोडायच्या चाकाची कोठडी होती. तिकडून घोंगडी पांघरलेलं काहीतरी आलं. तोंड दिसेना, पाय दिसेनात. ते थेट माझ्यासमोर थांबलं. घोंगडीतून एक वाळका हात निघाला आणि त्यानं माझ्या हातातलं धोतर ओढून घेतलं.

"कायले उतरवतं बे सारखं?"

चपला तिथंच राहिल्या! परतीची एसटी मी धावत पकडली. घरी पोचेतो अंग तव्यासारखं तापलेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबच आमच्या दारात. मी तापानं पडल्याचं कळल्यावर आधी तलावावर जाऊन आले होते. किसनबाबा त्यांना चाकाच्या कोठडीत झोपलेला सापडला.

"म्या इचारलं, घरी काहून नाही गेला बाबा?" साहेब माझ्या बापाला सांगत होते. "त म्हणे, रजा काढून घरी गेलो का सून ज्वारीतले पाखरं हाकाले धाडते. आराम कराचा त इथंच! अन् धोतर खाली आलं का तुमी समजता बुढा बरा झाला, रजा बंद. हे पोट्टं उतरवून राह्यलं, मी तापात चढवून राह्यलो!"

"अन् आमच्या याले काय झालं?" बापानं विचारलं.

"याले भूत दिसलं."

बापानं माझ्याकडे असं पाहिलं, की ताप आणखी चढला.

कायमची नोकरी तर गेलीच होती. म्हणून असेल, पण गोधडीतून मी साहेबांना आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, "साहेब, तलावावर आता कोण हाये?"

"किसनबाबा. तुह्यापेक्षा बरा हाये तो. तुह्या बदलीवर ठेवला त्याले."

"अन् धोतर?"

"तो इचारत होता, आता उतरवू का म्हणून. म्या म्हटलं, राहू दे वरच. आता ते त्या पोट्ट्याचं हाये."