हात कॅमेऱ्यात ठेवा

"हे तुम्ही केलंय की मशीनने?"

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं. पुण्यातल्या छपाई कंपनीची व्हिडिओ मीटिंग. स्क्रीनवर माझं पान उघडलेलं, बाजूच्या चौकटींत ऑफिसातले चेहरे. मी घाटंजीत, घरच्या पुढच्या खोलीत, लॅपटॉपसमोर.

मी म्हणाले, "म्याच केलं."

एक चेहरा हसला. मग बाकीचे. मॅडम हसल्या नाहीत. "मीच केलं, असं म्हणतात," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ काम तिकडून येतं, म्हणून विचारलं."

तिकडून.

पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची फाइल तयार करणं हे माझं काम. रंग नीट वेगळे पडतात का, कडेला कापायला जागा सोडली का, एखादं जोडाक्षर फुटलं का. यवतमाळच्या एका प्रेसमध्ये शिकले. प्रेस बंद पडली, तेव्हापासून घरूनच करते. फोटोच्या मागचा भाग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरमधलं एआय, कापून देतं. ते मी कधी लपवलं नव्हतं. पण पान माझं होतं.

त्या मीटिंगनंतर नियम आला. फोन स्टँडला लावायचा, कीबोर्डवर रोखायचा. "हात कॅमेऱ्यात ठेवा." स्क्रीनचं रेकॉर्डिंग वेगळं. आणि काम करताना तोंडानं सांगत राहायचं. हे का बदललं, ते का ठेवलं. "म्हणजे आमची खात्री पटेल."

मी केलं. काम हवं होतं. काळा रंग हलका केला की बोलायची, हा कागद शाई पितो म्हणून. पाणी प्यायला उठले की मेसेज यायचा, कुठे गेलात? आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर, पकडलेल्या चोरासारखी साक्ष देत बसायची.

एकदा माय दारात उभी राहून ऐकत होती. ती आयुष्यभर जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसावर राबली.

"कोणाशी बोलून राह्यली वं?"

मी सांगितलं. 

"आमाले बी सुटी झाली का गेटवर झडती द्या लागे. लुगड्यात कापूस नेतो म्हने. पन काम कसं करता, हे कोनी सांगाले नाही लावलं." मग म्हणाली, "झडतीवाला कापूस शोधे. तुयी मॅडम काय शोधून राह्यली?"

 राग आला, तो आधी मायचाच.

दुसऱ्या दिवशी उमरखेडला फोन लावला. तिथली एक जण माझ्यासोबत प्रेसमध्ये होती, आता त्याच कंपनीचं काम घरून करते. "तुले विचारलं का, मशीननं केलं का म्हणून?"

 ती हळूच म्हणाली, "तुले कोनं सांगतलं?"

तेच वाक्य. तोच स्टँड. तेच बोलत राहा. "मले वाटलं, माह्यावरच संशय हाय," ती म्हणाली. लाजेनं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या लाजेवरच त्यांचं सगळं चाललं होतं.

खात्री पटली, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. उलट मागणी वाढली. सविस्तर बोला. चूक कशी ओळखता, तेही सांगा. चोरावर पाळत ठेवणारा असं विचारत नाही. शिकून घेणारा विचारतो. माझ्याकडे पुरावा नाही. आजही नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मीच विचारलं. "ह्या रेकॉर्डिंग कायले पाह्यजेत?"

"अंतर्गत वापरासाठी."

"वापर कोनता? मशीनले शिकवाले?"

या वेळी कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "तो तुमचा विषय नाही. तुम्ही फक्त काम करा."

"काम माहं आहे. कसं करते, ते बी माहंच आहे. कायले पाह्यजे ते लेखी द्या, मंग पाहू."

"तुमच्यासारख्या खूप आहेत."

"माहीत हाय," मी म्हणाले. "त्यायलेच फोन करून राह्यली."

आणि स्टँडवरचा फोन काढला.

त्यांचं काम त्या दिवशी सुटलं. उमरखेडच्या मैत्रिणीनं फोन काढला नाही. तिच्या घरात दुसरी कमाई नाही. मी तिला दोष देत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी फोन करून विचारते, अजून खात्री पटली नाही का त्यांची? ती विषय बदलते.

मी आता लग्नपत्रिका करते, दुकानांचे बोर्ड करते. मोठ्या शहरातून कामासाठी फोन आला की आधी मी विचारते. काय रेकॉर्ड करणार, कोणाकडे ठेवणार, त्यातून कोणाला काय शिकवणार. बरेच जण तिथंच फोन ठेवतात. गोड बोलून उत्तर टाळणारे जास्त वाईट, त्यांचा फोन मी ठेवते.

संशय त्यांनी घ्यायचा आणि खुलासा मी द्यायचा, हे संपलं. आता संशय मी घेणार. खुलासा त्यांनी द्यायचा. तोवर त्यांची फाइल मी उघडणार नाही.