डायरीतली कोरी पानं

"मॅडम, ते इंजेक्शन बंद करायला सांगा डॉक्टरांना," वैशाली म्हणाली. "आईंना काल किचनमध्ये चक्कर आली. ओटा धरला म्हणून वाचल्या."

तिच्या सासूबाई, शांताकाकू, शेजारीच बसल्या होत्या. "बंद नाही करायचं," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा राहील मग."

मी अंबरनाथच्या एका डायबेटिस क्लिनिकमध्ये डाएटिशियन आहे. काकू कात्रपहून येतात. सर्जनने सांगितलं होतं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणून आमच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. या औषधाने पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. भूक कमी होते. आवडीही बदलतात. काकूंना भज्यांचा वास नकोसा झाला होता, चहा अर्ध्या कपावर आला होता. पण कमी खाण्यात प्रोटीन कमी पडलं, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते बघायला आमच्याकडे पकड मोजायचं मशीन आहे. मूठ जितकी जोरात आवळाल, तितका आकडा वर. काकूंचा आकडा महिन्याभरात चांगलाच घसरला होता.

डॉक्टर उल्हासनगरचे, सिंधी. बोलतात अर्धं हिंदीत. पकडीचा आकडा बघून म्हणाले, "पंधरा दिवस देतो. शुगर पहिल्यांदा कंट्रोलमध्ये आलीय. लेकिन ताकद अशीच गेली तर इंजेक्शन बंद. सर्जन पण हात लावणार नाही. खाण्यात क्या गडबड है, शोध."

"सर, खाण्याची डायरी तर चांगली आहे."

"डायरी चांगली, पेशंट खराब. ऐसा कैसे?"

मलाही तेच कळेना. दोघींना बाहेर थांबायला सांगून मी डायरी पुन्हा उघडली. काकू काय खातात ते वैशाली रोज लिहायची. मटकीची उसळ, एक अंडं, वाटीभर दही. दोनदा बेरीज केली. प्रोटीन पुरत होतं. मधली काही पानं कोरी होती. वैशाली नोकरी करते, घाईत राहून गेलं असेल, असं धरून मी आधीच्या भेटीत ती उलटून टाकली होती. या वेळी तारखा बघितल्या. प्रत्येक कोरं पान सोमवार, गुरुवार किंवा शनिवारचं होतं.

मी त्यांना आत बोलावलं. "काकू, सोमवारचं का लिहिलं नाही?"

"उपास असतो गं पोरी. उपासाचं काय लिहायचं?"

"आणि गुरुवार, शनिवार?"

"ते आता धरलेत. गुडघ्यासाठी. ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून. आधी सोमवारीसुद्धा दुपारी साबुदाण्याची आठवण यायची. आता नुसत्या चहावर दिवस जातो. काही वाटतच नाही!"

"इंजेक्शनचा उपास तो," वैशाली म्हणाली. "तुमचा कुठला?"

"तू गप. तुला एक चतुर्थी झेपत नाही."

मी चामटोली गावची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. माझी आई जन्मभर सोमवार करते. तरी मला हे सुचलं नाही, कारण शिकताना हातात आलेल्या फॉर्ममध्ये 'काय खाल्लं' एवढंच होतं.

शुगर कमी करायची जुनी गोळी काकू उपासालाही घेत होत्या. चक्कर त्यातूनच असावी. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच ती कमी केली. पण उपास सोडा म्हणायची माझी हिंमत नव्हती. आधी सोपं सुचवलं. दूध, दही, पनीर, भाजलेले शेंगदाणे उपासाला चालतात.

"एवढं खायचं, तर तो उपास कसला?" काकूंनी मान हलवली.

मी दुसरीकडून विचारलं. "काकू, सध्या तुम्हाला जास्त जड काय जातं? उपाशी राहणं, की खाणं?"

"खाणं. घास फिरतो तोंडात."

"मग खाण्याचाच नेम करा. सोमवार ठेवा, दूध-पनीर घेऊन. बाकी रोज ठरल्या वेळी ठरलेलं खायचं. इच्छा नसली तरी."

काकूंनी डायरीतलं एक कोरं पान उघडलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी अंडं चालणार नाही हां."

"पनीर खा."

"नेम मोडला तर?"

"मी आहे ना लिहायला," वैशाली म्हणाली.

पंधरा दिवसांनी पकडीचा आकडा फारसा वर गेला नव्हता, पण घसरायचा थांबला होता. चक्कर पुन्हा आली नव्हती. डॉक्टरांनी डोस न वाढवता इंजेक्शन चालू ठेवलं. पुढच्या तीन महिन्यांत पकड सुधारली, वजनही सर्जनला हवं तिथे आलं. काकूंचं ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर घेऊन बिल्डिंगच्या गेटपर्यंत जातात आणि वैशालीच्या चालण्यातल्या चुका काढतात.

मी आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: कोणत्या दिवशी खात नाही? डॉक्टर म्हणाले, फॉर्म लंबा हो गया. झाला खरा. पण डायरीत कोरं पान दिसलं की आता मी ते उलटत नाही, आधी वार बघते.