चादरीचं दुसरं टोक

"पंधरा दिवसांनी ये म्हटलं ना तुला!"

"पंधरा दिवसांनी का, मावशी? आज काय बिघडलं?"

"आज कामाचा रेटा आहे."

"मला तोच तर बघायचाय. मी त्या कोपऱ्यात उभी राहीन. बोलणार नाही, मध्ये पडणार नाही."

"म्हणजे भुतासारखी! अगं, बायका हसत तरी बसतील नाहीतर बिचकतील तरी. माझ्या चादरी पडून राहतील त्याचं काय?"

"इथे पुढारी कोणी नाही म्हणता, आणि चादरी मात्र तुमच्या?"

थोरलीने बाह्या वर सारल्या. पोरगी चिवट होती. कॉलेजातून आलेल्या तिला धुलाईखान्यातल्या बायकांनी 'पाहणीवाली' करून टाकलं होतं. मुकादमाशिवाय स्वतःचं काम स्वतःच चालवणाऱ्या टीममध्ये पुढारीपण नेमकं कुठे असतं, हे तिला नुसतं बघून शोधायचं होतं. कुठे उभं राहायचं, केव्हा यायचं, कोणाला काय विचारायचं, याचा आराखडा चालला होता आणि आज तिला त्याची रंगीत तालीम हवी होती.

"मालकांनी परवानगी दिलीय," ती म्हणाली.

"मग राहा उभी. पाय दुखले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

थोरलीला ती आज तिथे नको होती, कारण आज धाकटीला कामावरून घालवायचं होतं. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण.

आई गेली तेव्हा धाकटी कडेवर होती. थोरली शाळा सोडून या वाफेत शिरली, ती कायमचीच. बहिणीला वाढवलं, पुढे इथेच चिकटवलंही. मुकादम बायकांना 'ए' म्हणून हाका मारायचा. त्याला हाकलून लावायला मालकाच्या दारात पहिली जाऊन उभी राहिली ती थोरलीच. नंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं, की साहेब नको आणि ठरलेल्या जोड्याही नकोत. जिच्या हातात चादर येईल तिने एक टोक झटकायचं, जी मोकळी असेल तिने पुढे होऊन दुसरं धरायचं. चादरींच्या ढकलगाड्या रिकाम्या झाल्याशिवाय मात्र कोणीच घरी जायचं नाही.

माणूस घालवायची रीत कोणी ठरवली नाही. ती थोरलीने पाडली, तोंडातून शब्द न काढता. हात हळू पडायला लागलेल्या बाईचं टोक धरायचं नाही, एवढंच. सगळ्या जिला वहिनी म्हणायच्या, ती जुनी बाई अशीच काम सोडून गेली. तेव्हा धाकटीनेही हात मागे घेतला होता.

मग धाकटीचा खांदा आखडला आणि रोज सगळ्यांनाच उशीर व्हायला लागला. काल इस्त्रीच्या रोलरवर असणाऱ्या रोलरवालीने थोरलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "बहीण असली की खांदा दुखतो. आमचे काय लोखंडाचे आहेत?" थोरली गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, हे सगळ्यांना पाठ होतं.

धाकटीने चादर झटकली. शेजारच्या दोघी एकदम गाडीत वाकल्या. धाकटी टोक पुढे करून उभीच. बायकांनी कोपऱ्यातल्या पाहणीवालीकडे चोरून पाहिलं, मग थोरलीकडे. परक्या माणसासमोर? थांबायचं का?

थोरलीने एक पाऊल टाकलं असतं तरी पुरे होतं.

तिने ते टाकलं, पण रोलरवालीकडे. तिच्या चादरीचं टोक धरलं, घडी घातली, ठेवली. बायकांचे हात पुन्हा भराभर चालायला लागले.

"ताई," धाकटी म्हणाली, "टोक धर ना गं."

"हात मोकळा नाही माझा."

दोन्ही हात रिकामेच होते. कोणीतरी फिस्कन हसलं.

"ताई, खांदा बरा होतोय. आठवडाभर सांभाळून घे."

"वहिनीही बरी होणारच होती."

धाकटीने चादरीची कड हनुवटीखाली दाबली आणि एकटीने घडी घालायला गेली. खांदा वर जाईना. चादर घसरून ओल्या फरशीवर पडली.

"झालं! परत धुवा आता," रोलरवाली म्हणाली.

धाकटीने ती उचलली, मळक्या ढिगावर टाकली आणि ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. एका हाताने ती सुटेना. कोणी पुढे झालं नाही. शेवटी तिने ॲप्रन तसाच डोक्यावरून ओढून काढला.

मध्ये न पडणारी पाहणीवाली कोपऱ्यातून धावत आली. तिचे डोळे चमकत होते. "एक मिनिट, प्लीज! तुम्हाला जा असं म्हणालं कोण? नेमकं कोण म्हणालं?"

"कोणी नाही," थोरली म्हणाली. "तिची ती चालली. हो ना गं?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग दार ढकललं आणि निघून गेली.